घरच्या बागेतील लाल पानांचा लेट्यूस : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांत गच्ची, बाल्कनी किंवा परसबागेत लाल सुट्या पानांचा लेट्यूस लावणाऱ्यांकडून दर हंगामात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बी उगवले नाही, पाने लाल झाली नाहीत, पाला कडू निघाला या तिन्ही तक्रारी वरकरणी वेगळ्या दिसत असल्या, तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ चुकलेल्या हंगामात किंवा चुकलेल्या जागेत असते, आणि म्हणून खालील उत्तरांत ऊन, सावली आणि तापमान हे विषय पुन्हा पुन्हा येतील.

लाल सुट्या पानांचा लेट्यूस म्हणजे नेमका कोणता?

लेट्यूसचे ढोबळमानाने दोन गट आपल्या बाजारात दिसतात : आईसबर्गसारखा घट्ट गड्डा धरणारा आणि गड्डा न धरता पाने मोकळी पसरणारा. दुसऱ्या गटातील लाल वाणांत झालरीसारख्या कुरळ्या कडांचा इटालियन ‘लोलो रोसो’, ओकच्या पानासारखी खाचदार पाने असलेला ‘रेड ओकलीफ’ आणि 1985 साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळालेला ‘रेड सेल्स’ हे जगभर लावले जाणारे वाण आहेत. आपल्याकडे लोलो रोसोचे पाकीट त्यातल्या त्यात सहज मिळते. हौशी बागेसाठी सुट्या पानांचा प्रकारच योग्य, कारण गड्डा भरण्याची वाट पाहावी लागत नाही आणि एकाच रोपाची पाने अनेक आठवडे खुडता येतात.

हा लाल माठाचाच एखादा प्रकार आहे का?

नाही. माठ राजगिऱ्याच्या कुळातला आणि उन्हाळा मानवणारा आहे. लेट्यूस सूर्यफुलाच्या कुळातला आणि थंडी मागणारा आहे. त्याचे काही वाण गड्डा धरत असले तरी तो कोबीचाही नातलग नाही.

नाशिकमध्ये पेरणी केव्हा करावी?

दसऱ्याच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून, पहिली पेरणी करावी आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी टाकत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरण्या चालू ठेवाव्यात. पेरणीपासून 45 ते 55 दिवसांत रोप पूर्ण वाढते, त्यामुळे ऑक्टोबरची पेरणी डिसेंबरच्या सुरुवातीला आणि जानेवारीची पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीस हाती येते. या पिकाला दिवसाचे 15 ते 22 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते. नाशिकच्या हिवाळ्यात दुपार याहून गरम असते हे खरे, परंतु रात्री दहा अंशांच्या आसपास उतरणारा पारा आणि सकाळचे स्वच्छ ऊन ही जोडी लाल पानांसाठी फार उपकारक ठरते, आणि समुद्रकाठच्या मुंबईकरांना ती मिळत नाही.

एकाच दिवशी पाकीट रिकामे करण्याचा मोह टाळावा. एका ग्रॅममध्ये साधारण 800 ते 1000 बिया असतात, आणि चार माणसांच्या घराला एका वेळी दहा-बारा रोपांहून अधिक पाला लागत नाही. सगळे एकदम पेरल्यास डिसेंबरात शेजाऱ्यांना वाटत फिरावे लागते आणि फेब्रुवारीत कुंड्या रिकाम्या राहतात.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या छताखाली पीक घेता येते, पण ढगाळ हवेत रंग फिका राहतो आणि पाने सडतात. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला तर तो खटाटोप करूच नये.

चांगल्या पाकिटातील बी असूनही उगवत नाही, असे का होते?

लेट्यूसचे बी मातीचे तापमान 27-28 अंशांच्या वर गेले की ओल मिळूनही झोपून राहते. ही त्या बियाण्याची स्वाभाविक सुप्तावस्था आहे; दुकानदाराने जुने बी दिले, असा निष्कर्ष त्यावरून लगेच काढू नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात गच्चीवरचा काळा प्लॅस्टिकचा ट्रे दुपारी हात लावू देत नाही, इतका तापतो, आणि पहिली पेरणी नेमकी तिथेच फसते.

यावर उपाय सोपा आहे. ओलसर कागदी रुमालात बी पसरून, तो रुमाल झाकणाच्या डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा, नंतर संध्याकाळी पेरणी करावी, आणि अंकुर दिसेपर्यंत ट्रे घरातल्या सर्वांत थंड पण उजेडाच्या जागी, उदाहरणार्थ उत्तरेकडच्या खिडकीखाली, ठेवावा. चार ते सात दिवसांत अंकुर वर येतात. ते दिसताच ट्रे कोवळ्या उन्हात आणला पाहिजे, नाहीतर रोपे उंच, पांढुरकी आणि लुळी होतात.

दुसरे कारण खोल पेरणीचे असते. लेट्यूसच्या अनेक वाणांच्या बियाण्याला उगवण्यासाठी प्रकाश लागतो. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे 1952 साली ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूसच्या बियाण्यावर झालेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, लाल प्रकाशाची झलक बियाण्याला जागे करते आणि त्यानंतर दिलेला अतिलाल (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश त्याला पुन्हा झोपवतो. वनस्पतींच्या प्रकाशज्ञानाचा बराचसा पुढचा अभ्यास त्यावर उभा राहिला. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की, मेथी किंवा कोथिंबिरीसारखे हे बी मातीत गाडू नये. ओल्या मातीवर बी भुरभुरावे, वरून चाळलेल्या गांडूळ खताचा तीन ते पाच मिलिमीटरचा थर द्यावा आणि पाणी फवाऱ्यानेच घालावे.

कुंडी केवढी आणि माती कोणती घ्यावी?

मुळे उथळ असल्याने 15 ते 20 सेंटिमीटर खोली पुरते. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असणे उपयोगाचे. बारा इंची कुंडीत तीन रोपे, तर दोन फूट लांब आणि एक फूट रुंद आयताकृती ग्रो-बॅगमध्ये सहा रोपे नीट वाढतात. जमिनीत लावताना दोन रोपांत 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

नाशिकच्या आसपासची काळी माती सुपीक असली, तरी कुंडीत ती एकटी वापरू नये. पाणी मिळाल्यावर ती चिकट होते, सुकल्यावर भेगाळते आणि दोन्ही वेळा लेट्यूसची नाजूक मुळे तुटतात. दोन भाग पोयटा किंवा काळी-लाल मिश्र माती, दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करून त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. कोकोपीट आधी साध्या पाण्यात दोनदा भिजवून पिळून घ्यावे, कारण त्यात क्षार असतात. लेट्यूसला 6 ते 7 सामू (पीएच) आवडतो आणि आपली काळी माती त्याहून विम्ल (अल्कधर्मी) असते. कंपोस्टचे प्रमाण सढळ ठेवल्यास घरगुती बागेत ही तफावत फारशी जाणवत नाही.

चार-पाच पानांची रोपे संध्याकाळी लावावीत. लावताना गाभा, म्हणजे जिथून नवी पाने फुटतात तो मध्य, मातीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की रोप आतून सडते.

पाणी किती द्यावे? आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी चालेल का?

माती सतत वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी, असावी, चिखल कधीच नसावा. बोट एक पेराएवढे मातीत घालून पाहावे. टोकाला ओल लागली नाही तर पाणी द्यावे. थंडीत बहुतेक कुंड्यांना सकाळी एकदा पाणी पुरते, फेब्रुवारीच्या मध्यानंतर संध्याकाळीही थोडे लागते. पाणी बुडाशी द्यावे, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात.

आरओचे टाकाऊ पाणी मात्र या पिकाला देऊ नये. गाळलेल्या पाण्यातील क्षार त्यात एकवटलेले असतात आणि लेट्यूस क्षारांना हळवा आहे. तेच पाणी फरशी पुसायला वापरावे. बोअरवेलचे पाणी जड असल्यास आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असल्यास आठवड्यातून एकदा नळाचे पाणी भरपूर घालून क्षार खालच्या छिद्रातून वाहू द्यावेत.

पाकिटावरच्या चित्रात पाने गडद लाल आहेत, माझी हिरवीच का राहतात?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे.

पानाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते मुख्यतः पानाच्या वरच्या त्वचेतील पेशींत साठते आणि तीव्र प्रकाशापासून आतल्या हरितद्रव्याचे रक्षण करते. म्हणजेच रंग वाणाच्या अंगी असला तरी रोप तो गरजेपुरताच तयार करते, आणि गरज भासवतात दोन गोष्टी : भरपूर ऊन आणि थंड रात्री. याची खात्री आपल्याच कुंडीत करता येते. चांगल्या रंगलेल्या रोपाचे वरचे पान हळूच उचलून पाहिल्यास त्याखाली झाकल्या गेलेल्या पानावर हिरवा डाग दिसतो, आणि त्या डागाची कड वरच्या पानाच्या आकाराशी जुळते. जेवढ्या भागावर ऊन पडले तेवढाच भाग लाल झालेला असतो.

म्हणून पहिली तपासणी जागेची करावी. डिसेंबर-जानेवारीत रोपाला किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात उजळ वाटणारी उत्तरेची बाल्कनी या महिन्यांत दिवसभर सावलीत जाते. पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू निवडावी. काच लावून बंद केलेल्या बाल्कनीतही रंग कमी भरतो, कारण लाल रंगाला चालना देणारे अतिनील किरण खिडकीची काच बऱ्याच अंशी अडवते. इमारतींच्या दाटीत, उदाहरणार्थ सिडको किंवा इंदिरानगरमधील सोसायट्यांत, गच्चीला पर्याय नाही.

दुसरी तपासणी खताची. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की रोप झपाट्याने, लुसलुशीत आणि हिरवे वाढते. युरियाची चिमूट टाकून ‘पाला कसा तरारला’ म्हणणाऱ्यांची पाने लाल होत नाहीत, यात नवल नाही.

तिसरी बाब वेळेची. कोवळ्या रोपांची पहिली पाने बहुतेक वाणांत हिरवीच असतात आणि लाली कडांपासून आत सरकत जाते. ऑक्टोबरच्या पेरणीत नोव्हेंबरअखेर थंडी पडेपर्यंत रंग फिका राहणे स्वाभाविक आहे. सावलीत वाढलेले रोप उन्हात हलवल्यास काही दिवसांत फरक दिसतो. मात्र ते टप्प्याटप्प्याने हलवावे, अन्यथा पाने भाजतात.

खत कोणते द्यावे? जीवामृत फवारले तर चालेल का?

मिश्रणात सांगितल्याइतके कंपोस्ट असल्यास पहिले तीन आठवडे काहीही लागत नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी कुंडीमागे मूठभर गांडूळ खत किंवा दहापट पाण्यात मिसळलेले व्हर्मिवॉश (गांडूळ खतातून झिरपलेले पाणी) बुडाशी द्यावे.

जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रावण), शेणाची स्लरी किंवा ताजे शेण पानांना लागू देऊ नये, हे ठामपणे सांगितले पाहिजे. मेथी-पालक आपण शिजवून खातो. लेट्यूस कच्चा खाल्ला जातो, आणि ताज्या शेणातील रोगजंतू कुरळ्या पानांच्या घड्यांतून धुऊन निघतीलच असे नाही. जीवामृत वापरायचेच असल्यास लावणीपूर्वी मातीत द्यावे.

पाला कडू का लागतो?

लेट्यूसच्या पानांत आणि खोडात पांढरा चीक असतो आणि त्यातील लॅक्ट्युसिनसारखी द्रव्ये कडू असतात. खोड सुरीने कापले की दुधाचा थेंब कापावर उभा राहतो आणि थोड्या वेळात तपकिरी पडतो. थंडीत हा कडवटपणा चवीपुरता राहतो; ऊन तापू लागले, पाण्याची ओढाताण झाली किंवा रोपाला फुलावर यायची घाई झाली की तो वाढतो. नाशिकमध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दिवस मोठा झालेला जाणवू लागतो, दुपार तिशीपार जाते आणि कांद्याला यावेत तसे लेट्यूसलाही डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ लागतात. मधला दांडा लांबू लागलेला दिसताच पानापानाने खुडत बसू नये, संपूर्ण रोप कापून घ्यावे. दांडा छाटल्याने गोडवा परत येत नाही.

फेब्रुवारीपासून दुपारी 50 टक्क्यांची शेडनेट बांधल्यास दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. त्यात रंग थोडा उतरतो, पण चव टिकते, आणि या टप्प्यावर चवीची बाजू घेणे शहाणपणाचे आहे.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. हा रोग आहे का?

नाही, ही कॅल्शियम न पोहोचल्याची खूण आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते आणि ज्या पानांतून बाष्प अधिक जाते तिकडे ते अधिक वळते. आतली झाकलेली पाने उपाशी राहतात. नाशिकच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर असल्याने अंड्यांची टरफले कुस्करून घालण्याने काही साधत नाही. पाणी नियमित देणे, नत्र आवरते घेणे आणि रोपांत हवा खेळती ठेवणे हाच इलाज आहे.

थंडीच्या लाटेत रोपे झाकावीत का?

शहरात गरज नाही. निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हाही रुळलेली लेट्यूसची रोपे तग धरतात आणि त्यांचा रंग उलट खुलतो. नुकतीच लावलेली रोपे मात्र त्या रात्री गोणपाटाने झाकावीत. पहाटे पाने ताठरलेली दिसल्यास ऊन चढेपर्यंत त्यांना हात लावू नये.

मावा, अळ्या आणि गोगलगायींचा बंदोबस्त कसा करावा?

ढगाळ हवा पडली की मावा वाढतो. गडद पानावर तो पटकन दिसत नाही, म्हणून पाने उलटी करून आणि गाभ्यात डोकावून पाहावे. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो. न निघाल्यास एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि त्यानंतर आठवडाभर त्या रोपाची पाने खाऊ नयेत. नाहीतर तेलाचा कडवट वास जेवणात उतरतो. उडत्या माव्यासाठी आणि नागअळीच्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा दिसल्या, तर ते पान तोडून टाकणे पुरेसे आहे.

अळ्या आणि गोगलगायी रात्री खातात. त्या टॉर्च घेऊन वेचण्यासारखा खात्रीचा उपाय नाही. रासायनिक कीटकनाशक चार कुंड्यांच्या कच्च्या पाल्यावर मारू नये.

घराशेजारी द्राक्षबाग आहे. तिथला डाऊनी (केवडा रोग) लेट्यूसवर येईल का?

दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत या भागांतून हा प्रश्न हमखास येतो. लेट्यूसवरही डाऊनी येतो, पानाच्या वरच्या बाजूला पिवळट चौकोनी ठिपके आणि खाली पांढरी लव दिसते. परंतु तो ‘ब्रेमिया लॅक्टुसी’मुळे होतो आणि द्राक्षावरचा ‘प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला’मुळे. एक दुसऱ्या पिकावर जात नाही.

खरी काळजी फवारणीच्या उडत्या तुषारांची असावी. बागेत ब्लोअर चालू असताना वाऱ्याने येणारे औषध लेट्यूसच्या पानांवर बसते, आणि द्राक्षासाठी ठरवलेला काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) या पाल्याला लागू होत नाही. वाफा बागेच्या बांधापासून दूर, घराच्या आडोशाला ठेवावा, फवारणीची वेळ बागवाल्यांना विचारून त्या वेळी तो प्लॅस्टिकने झाकावा, आणि तुषार पडल्याचे नक्की माहीत असल्यास ती पाने टाकून द्यावीत.

काढणी आणि साठवण कशी करावी?

कोवळा पाला हवा असल्यास दाट पेरलेल्या वाफ्यातून 25 ते 30 दिवसांनी, जमिनीपासून तीन सेंटिमीटर सोडून कात्रीने कापावा. तो एक-दोनदा पुन्हा फुटतो. मोठ्या रोपाची बाहेरची पाने आधी खुडावीत आणि आतली किमान पाच-सहा राखावीत. काढणी सकाळी, दव सुकल्यावर करावी. दुपारी खुडलेली पाने लगेच मलूल होतात.

वाहत्या पाण्यात एकेक पान उघडून धुवावे, सुती पंच्यात घालून हलके झटकावे आणि कोरड्या कापडासह डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे. पाने ओली राहिली तर दोन दिवसांत बुळबुळीत होतात. सफरचंद, केळी किंवा पिकलेल्या टोमॅटोजवळ ठेवू नयेत, कारण त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनमुळे पानांच्या शिरांवर तपकिरी ठिपके पडतात.

घरच्या जेवणात तो कसा वापरावा?

शिजवू नये, रंग उतरतो आणि पोत जातो. दाण्याचे कूट, लिंबू, मिरची आणि अर्धी चिरलेली द्राक्षे घालून केलेली कोशिंबीर चांगली लागते, मात्र मीठ-लिंबू ताटात वाढतानाच घालावे, नाहीतर पाला पाणी सोडतो. या पाल्यात सुमारे 95 टक्के पाणी असते आणि ‘के’ जीवनसत्त्व चांगले असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी तो रोज खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या वर्षासाठी घरचे बी धरता येते का?

येते, आणि सोपे आहे. लेट्यूसचे फूल स्वपरागित असल्याने संकरित नसलेल्या वाणाचे बी बहुतांशी मूळ रोपासारखेच निघते. सर्वांत शेवटी फुलावर येणारे आणि सर्वांत चांगले रंगलेले रोप बियाण्यासाठी राखावे. जे रोप आधी डेंगळते त्याचे बी धरल्यास पुढच्या वर्षी तीच घाई पदरात पडते. लहान पिवळी फुले येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोंडांतून पांढरे केस दिसू लागतात, तेव्हा दांडा कागदी पिशवीत उलटा झटकावा. बी एकदम पिकत नाही, म्हणून ही झटकणी दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते. वाळवलेले बी हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन वर्षे सहज टिकते.

मार्चनंतर त्याच कुंड्यांत काय लावावे?

एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये, पारा चाळिशीकडे जात असताना, लेट्यूससाठी कूलर आणि जाळ्यांचा संसार मांडू नये. जुनी मुळे काढून, मातीत दोन मुठी कंपोस्ट मिसळून तिथे लाल माठ, अंबाडी किंवा चवळीचा पाला पेरावा. जून ते सप्टेंबर कुंड्या मोकळ्या राहणार असतील, तर त्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ठेवावे. ऑक्टोबरात माती भुसभुशीत मिळते.